पट्टीवरचा पिवळा

धाटाव, रोहा
१० मार्च १९९४

दिपे,

माझं सगळं काल बदललं. बुधवारी दुपारी मालती मॅडमनी नऊ नंबरच्या पिंजऱ्यातली मेलेली उंदरी टेबलावर उघडली आणि म्हणाल्या, "धनेश, ही बघ मूत्रपिंडं." मी बघितली. वालाच्या दाण्याएवढी. लाल असायला हवी होती, तर ती पांढुरकी, वर सुईने टोचल्यासारखे ठिपके. आणि मग त्यांनी आजाराचं नाव घेतलं. ल्युपस. गेल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरने तुला सांगितलं होतं तेच. आपण 'उष्णतेचं काहीतरी' म्हणून सोडून दिलं होतं तेच.

मी कंपनीत उंदरांचे पिंजरे धुतो हे तुला माहीत आहे, आणि तुझं सगळ्यांना सांगून हसूनही झालंय. पण हे उंदीर कसले ते मी आजवर विचारलंच नव्हतं. एका काळ्या नि एका पांढऱ्या जातीची ही पिल्लं, रंगाने मातकट. जन्मतःच यांच्या अंगात हा आजार असतो. माद्या आधी मरतात, नर मागाहून. काल मी सारखा विचारत राहिलो, तेव्हा मॅडम हात धुऊन माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, आपल्या रक्तात बाहेरच्या रोगाला धरणारं काहीतरी असतं. या आजारात ते स्वतःच्याच शरीराला धरतं. दोघांच्या गाठी बनतात. त्यांना इम्यून कॉम्प्लेक्स म्हणतात. या गाठी रक्तातून फिरत जातात आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसतात.

मी म्हटलं, "म्हणजे उघाडीत कचरा अडकतो तसं." त्यांना उघाडी ठाऊक नव्हती. मी सांगितलं, आमच्याकडे खाडीच्या बांधाला दार असतं, शेतातलं पाणी त्यातून बाहेर जातं. कचरा अडकला की दार नीट चालत नाही, नको ते आत, नको ते बाहेर, आणि शेत फुगतं. तुझे पाय फुगतात तसं.

मग अंधाऱ्या खोलीत मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. काहीतरी औषध लावलं की त्या गाठी हिरव्या चमकतात. काळ्याकुट्टात हिरवे ठिपके, दिपे. इतकं सुंदर दिसलं की मला माझी लाज वाटली.

तू मुंबईला जा. तुझे काका काय म्हणतील, तुझा दादा निकेश काय म्हणेल, मला काय त्याचं! तुझ्या सुजलेल्या गालांवरून 'भोपळा' म्हणाला म्हणून मी त्या डेमॉन्स्ट्रेटरच्या कानाखाली वाजवली आणि कॉलेज सोडलं. मग इथे काय गप्प बसू?

सोबत काही पट्ट्या पाठवतोय. आम्ही उंदरांना याच लावतो. टोकाचा पिवळा चौकोन लघवीत बुडवायचा. पिवळाच राहिला तर ठीक. हिरवा झाला तर गाळणी फाटली समज, अंगातलं चांगलं ते वाहून चाललंय. जितका गर्द हिरवा तितकं वाईट. मला कळव.

तुझाच,
धनेश


पेण
२१ मार्च १९९४

धनेश,

माणूस पत्रात आधी 'कशी आहेस' विचारतो, मग उंदीर फाडतो. तुझं सगळंच उलटं.

पाकीट निकेशदादाच्या हातात पडलं होतं. "त्या भांडकुदळ्याचं हाय," म्हणून माझ्या अंगावर टाकलं. फोडलं नाही हे नशीब. नाहीतर आतल्या पट्ट्या बघून त्याला वाटलं असतं, आता याच्या कंपनीत अगरबत्त्या करतात की काय.

तू तिथे उंदीर सांभाळतोस, मी इथे उंदीर रंगवते. काकांच्या गणपतीच्या कारखान्यात मूषकांचा ढीग लागलाय. एकेकाच्या हातात लाडू द्यायचा, मिशा काढायच्या. हे काम खरं पोरींचं, पण मी डोळ्यांच्या आखणीच्या मध्ये विसाव्याला करते. मूर्तीचे डोळे काढताना श्वास धरावा लागतो, मूषकाला नाही. तो आपला कसाही चालतो. शेजारी रंगवणारी शकू म्हणाली, "गो दिपे, या उंदराचं तोंड धनेशसारखं कसं झालं?" मी म्हटलं, रागावलाय म्हणून.

आता तुझ्या 'मुंबईला जा'चं. मुंबईच्या गोळ्या मी बंद केल्या, हे तुला कुणी सांगितलं असेल तर खरं आहे. त्या घेतल्या की तोंड फुगतं आणि हात थरथरतो. थरथरत्या हाताने देवाचे डोळे काढू? यंदा काकांनी मोठ्या मूर्तींची आखणी पहिल्यांदाच माझ्याकडे दिली आहे. बाईमाणसाकडे कोण देतं? गणपती होऊ देत, मग बघू.

तुझी पट्टी केली. सोबत परत पाठवतेय, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पिवळी आहे. आता गप्प बसशील?

दिपिका


धाटाव, रोहा
५ एप्रिल १९९४

दिपे,

पिवळी! बाटलीवर रंगांच्या चौकटी असतात, त्यातल्या पहिल्या चौकटीशी तुझी पट्टी लावून बघितली. हुबेहूब. मी तिथेच उडी मारली, तर पुंडलिककाका म्हणाले, "काय रं, पगार वाढला व्हय?" काका माझ्याआधीपासून इथे आहेत, सकाळचं खाणं-पाणी त्यांच्याकडे. त्यांना मी पट्टी दाखवली. म्हणाले, "लोकं पोरीचा फोटो दाखवतात, तू मूत दाखवतोस."

हसू दे. मला वाटलं, देव आहे.

आता नवीन ऐक. मॅडमनी नवी तुकडी लावली आहे. अर्ध्या उंदरींना पाण्यातून नवं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. दोन्हींमध्ये फरक पडला तर औषध खरं. मी दर आठवड्याला सगळ्यांना पट्टी लावतो. उंदरी हातात धरली की भीतीनेच थेंब सोडते, तो अलगद घ्यायचा. नुसत्या पाण्याच्या बाजूला सतरा नंबरची एक आहे. तिचा एक कान जरा वाकडा, आणि मी पिंजरा उघडला की इतरांसारखी कोपऱ्यात पळत नाही, उभी राहून बघते. तिला मी दिपी नाव ठेवलं.

मॅडमच्या कानावर गेलं तर तडकल्या. म्हणाल्या, "इथे नाव ठेवायचं नाही, धनेश. नाव ठेवलं की आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं." मी म्हटलं बरं. पण मनात तिला दिपीच म्हणतो. तू बरी म्हणजे ती बरी, ती बरी म्हणजे तू.

मला दर पत्रात एवढं कळवत जा. सकाळी उठल्यावर पापण्या फुगलेल्या असतात का? चपलेचा वळ पायावर उमटतो का, आणि बोटाने दाबलं तर खड्डा किती वेळ राहतो? वजन कर. बाजारपेठेतल्या वाण्याच्या काट्यावर उभी राहा, लाजू नको. पाणी किती पितेस? गालांवरचा लाल चट्टा उन्हाने वाढतो का? आणि पट्टी दर पंधरा दिवसांनी.

गणपती झाले की आई लग्नाचं विचारायला तुझ्या घरी येईल. मी तिला सांगून टाकलंय. ती म्हणाली, "आधी कायमचा कामाला लाग." लागेन.

धनेश


पेण
६ मे १९९४

धनेश,

दोन पट्ट्या पाठवतेय. दोन्ही पिवळ्या.

वजन केलं नाही. खड्डा मोजला नाही.

कारखान्यात उसंत नाही. पाऊस यायच्या आत मोठ्या मूर्ती वाळायला हव्यात. आईला घाईने पाठवू नकोस. तुझ्या जागेवर दुसरा कोणी बसण्याआधी कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेट. माफी मागितल्याने तुझी उंची कमी होणार नाही, आधीच फार नाहीये.

आणि त्या उंदरीचं नाव बदल.

दिपिका


धाटाव, रोहा
१८ जून १९९४

दिपिका,

घाईत लिहितोय, अक्षर असंच येणार.

आधी मी काय केलं ते सांगतो. मेच्या मध्यावर सतरा नंबरची पट्टी हिरवी झाली. नुसत्या पाण्यावरच्या सगळ्यांच्याच व्हायला लागल्या होत्या, तिची सगळ्यांत गर्द. तिचं अंग फुगलं, केस विस्कटले, उभी राहायची बंद झाली. मला रात्री जेवण जाईना. मग मी औषधाच्या बाटलीतलं पाणी तिच्या बाटलीत ओतायला लागलो. रोज. कुणाला सांगितलं नाही. आणि ती सुधारली! पुन्हा उभी राहते. आज तिची पट्टी जवळजवळ पिवळी आली. मला वाटलं, हे तुला आजच्या आज लिहावं. दिपी जगली, दिपे. म्हणजे तू जगणार.

तिची ती पट्टी तुझ्या पट्ट्यांशेजारी ठेवावी म्हणून मी डबी उघडली. तिथेच टेबलावर गेल्या आठवड्याच्या टाकायच्या राहिलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. वाळून मळकट झालेल्या, एकीचाही रंग धड नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की पट्टी मिनिटभरात वाचायची, नंतर रंगाचा भरवसा नाही. आणि तुझ्या? पेणहून टपालाने आलेल्या, महिना-महिना डबीत पडलेल्या, तरी आज उमललेल्या झेंडूसारख्या.

मी बोट ओलं करून घासलं. पिवळा बोटावर आला. खाली झाकून टिकलेला हिरवा होता. गर्द हिरवा, सतरा नंबरचाही कधी झाला नव्हता इतका.

तू रंगवल्यास. मूर्तीला वापरता तो लिंबू पिवळा ना? पहिल्या चौकटीशी हुबेहूब जुळवलास. तुझ्या हाताचं कौतुक करू की काय करू? तीन महिने मी इथे नाचत होतो आणि तू तिथे मरत होतीस!

उद्या रविवार आहे. सकाळच्या गाडीने येतोय. तुला उचलून मुंबईला नेतो. कोण अडवतो बघतोच.

धनेश


पेण
४ जुलै १९९४

धनेश,

तू येऊन गेलास त्याला पंधरा दिवस झाले. लिहायला आता बसतेय, कारण आधी मला तुझा फार राग आला होता आणि रागाने लिहिणं हे तुझं काम.

कारखान्यात सगळ्यांसमोर तू माझा हात धरून ओढलास. निकेशदादा मध्ये आला तर त्याची कॉलर धरलीस. रंगाचा डबा लाथाडलास, आणि तो शाडूच्या कच्च्या मूर्तीवर गेला. तू गेल्यावर काकांनी ती मूर्ती पाण्यात विरघळायला ठेवली. पण ते सोड. तू ओरडलास, "हिची पट्टी हिरवी झालीय, ही मरतेय!" हे सगळ्या बायांनी ऐकलं. आता शकूसुद्धा मला पाण्याचा तांब्या उचलू देत नाही.

तू ओरडत होतास म्हणून मला सांगता आलं नाही. आता वाच.

तुझी पहिलीच पट्टी हिरवी आली. तुझं पत्र पोटाशी धरून मी न्हाणीघरात बसले आणि खूप रडले. दुसऱ्या दिवशी बायजाआत्याला सांगितलं. निकेशदादाला नाही, काकांना नाही, फक्त आत्याला. तिने गळ्यातलं गहाण ठेवलं आणि मला मुंबईला घेऊन गेली. घरी सांगितलं, देवाला जातोय. एप्रिलपासून मी सलाईनमधून इंजेक्शन घेतेय. गोळ्याही पुन्हा सुरू आहेत. म्हणजे तुझ्या त्या पट्टीनेच मला दवाखान्यात नेलं, धनेश. हे तुझं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग पट्ट्या रंगवल्या का? तू येशील म्हणून. तू येशील, ओरडशील, दादाशी भांडशील, घरात कळेल, आणि माझं जाणं बंद होईल. तसंच झालं. तू आल्यापासून घरात बैठका चालल्यात. "इंजेक्शन कसलं? हिचं लग्न कसं व्हायचं?" आत्या सगळ्यांसमोर उभी राहिली म्हणून पुढचं इंजेक्शन चुकलं नाही. मी आता आत्याकडेच राहते.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, या इंजेक्शनाने गाळणी वाचेल, पण पुढे मूल होईलच असं नाही. घरी जाऊन विचार कर म्हणाल्या. मी तिथेच हो म्हटलं. हे तुला सांगितलं असतं तर तू 'मला मूल नको' म्हणून रोहा स्टेशनवर ओरडला असतास. मला ठाऊक आहे. पण ते मी तुला विचारून ठरवायचं नव्हतं.

आता मला जे लिहायचं आहे ते.

तू त्या उंदरीला औषध दिलंस. ती नुसत्या पाण्याची होती ना रे? तूच लिहिलं होतंस, दोन्हींमध्ये फरक पडला तरच औषध खरं. ते औषध उद्या माझ्यासारखीच्या सलाईनमध्ये जायचं आहे. तुझ्या मॅडमना उद्या वाटलं की पाण्यानेही उंदरी सुधारते, तर? माझं नाव दिलेल्या एका उंदरीसाठी तू बाकी सगळ्या दिपिकांचं काय केलंस याचा विचार केलास? जा आणि मॅडमना सांग. आजच.

आणि मग मला पत्र लिहू नकोस. येऊ नकोस.

मला राग नाही. तुझ्यासारखं माझ्यावर कुणी जीव टाकला नाही, टाकणार नाही. पण मार्चपासून तुझ्या एकाही पत्रात मी नाही. पापण्या आहेत, पाय आहेत, वजन आहे, खड्डा आहे. त्या रविवारी तू दारात आलास तेव्हा मी एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा संपवला होता. आयुष्यात इतका चांगला डोळा मी काढला नव्हता, तो तुला दाखवायला वळले. तू माझ्या घोट्यांकडे बघत होतास.

आजारी आहे हे मला दवाखान्यात दिवसभर ऐकावं लागतं. घरी परत आल्यावर तेच बघणारे डोळे मला नकोत. तुझेसुद्धा. तुझे तर नकोतच.

कॉलेजात जा.

दिपिका


पेण स्टेशन
१२ ऑगस्ट १९९४

दिपिका,

लिहू नको म्हणालीस, तरी हे एक लिहितोय. याला उत्तर नको.

मी मॅडमना लगेच सांगितलं नाही. चार-पाच दिवस तुझ्यावरच चिडलो होतो. मग सांगितलं. मला वाटलं ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "फक्त सतरा?" मी म्हटलं, आईशपथ, फक्त सतरा. म्हणाल्या, "मला तुझं पटतंय रे. पण अहवाल वाचणाऱ्याला मी काय सांगू, मुलाने शपथ घेतली?" पूर्ण तुकडी रद्द झाली. पुन्हा पहिल्यापासून लावायची, नवी पिल्लं वाढेपर्यंत थांबायचं. मला काढलं. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाल्या, पुढेही ठेवून घ्या असं मीच म्हणालो नाही.

तुकडी रद्द म्हणजे उंदरीही संपवायच्या. सतरा नंबरला मी धरलं. पुंडलिककाका म्हणाले, "तू जा बाहेर, मी करतो." मी गेलो नाही. नंतर मॅडमनी उघडून दाखवलं. नऊ नंबरपेक्षा बरी होती मूत्रपिंडं. लाल नव्हती. बरी होती. एवढंच तुला सांगण्यासारखं आहे, आणि ते कुठे लिहिलं जाणार नाही.

कॉलेजात गेलो नाही. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामाला नाव दिलंय, सोमवारपासून शिफ्ट आहे. प्राचार्यांकडे जाईन की नाही ठाऊक नाही. तुला खोटं सांगून खूश करायचं आता नको.

आज दुपारी मी आत्याच्या घरी आलो होतो. तुला ठाऊक नाही, तू झोपली होतीस.

खरं सांगतो, मी भांडायलाच आलो होतो. वाटेत सगळं जुळवलं होतं. तुझ्या पत्रातलं एकेक वाक्य घेऊन म्हणणार होतो, मी असा नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता कशाला आलास रं बाबा?"

"बघायला."

"काल सुई घेऊन आलो. रातभर ओकत होती. आत्ता कुठं डोळा लागलाय." मग माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक. "ये आत. पण बोलायचं नाय."

मी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलो. तू भिंतीकडे पाठ करून, एक हात उशीखाली घेऊन झोपली होतीस. पंखा चालू होता. मी तुझ्या घोट्यांकडे बघितलं, सूज कमी होती. पापण्या बघितल्या. श्वास बघितला, बरोबर होता. उशीवर गळलेले केस होते. हाताच्या शिरेवर सुईचं निळं होतं. सगळं बघून झालं आणि मग मला कळलं, मी किती वेळ तिथे उभा आहे आणि तुझ्या चेहऱ्याकडे अजून बघितलेलंच नाही.

मग बघायचा प्रयत्न केला, दिपिका. देवाशपथ केला. कॉलेजच्या फाटकाजवळ तू ऊस खात उभी होतीस, तुझ्या हनुवटीवरून रस ओघळत होता आणि तू माझ्यावर हसलीस, ती तू शोधत होतो. मला गालावरचा चट्टा दिसला. तो फिका झाला होता, आणि मला वाटलं, चला, औषध लागू पडतंय. लगेच वाटलं, बघ, पुन्हा तेच.

तू बरोबर होतीस. यावर माझ्याकडे भांडण नाही.

आत्या मागून हळूच म्हणाली, "उठवू?"

मी मान हलवली.

"तिला काय सांगू?"

"आलो होतो हे नका सांगू. मीच कळवीन."

ती म्हणाली, "चा तरी घे." मी नको म्हटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण तुला जाग आली असती.

ओटीवरून उतरताना आतून तुझ्या कुशीवर वळण्याचा आवाज आला. मी थांबलो. झोपेतच वळली असशील. पावसाने आत्याचं दार फुगलंय, ओढून घेतलं की आवाज करतं. मी बाहेर आलो, दोन्ही हातांनी ते जरासं उचलून धरलं आणि लावून घेतलं.

धनेश